मत देताना वीजबिल बघता का? (सातारा-सांगली)

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. निवडणूक जवळ आली की आपल्या दोन्ही जिल्ह्यांत एकच चर्चा: कोण कुणाच्या गटात, कोण कुठं गेला, कोण उभा राहणार. घरात मात्र वेगळी चर्चा असते. लाइट बिल किती आलं, सिलिंडर कितीला पडला, मोटारीला थ्री फेज कधी मिळणार. या दोन गोष्टींची गाठ मतपेटीत पडते का, हा माझा प्रश्न.

माझं मत आधीच सांगतो. पडत नाही, आणि पडायला हवी. पण ती न पडण्याचं कारण मतदाराचं अज्ञान नाही. बिलातला कोणता रकाना कुणाच्या हातात आहे हे कुणी सांगतच नाही, म्हणून "बिल कमी करू" म्हणणारा प्रत्येक जण सारखाच वाटतो.

तीन गोष्टींवर लिहा:
नेत्याबद्दलचं मत आणि मत देण्याचा इरादा यात वीज-गॅसचा वाटा किती?
कोणता खर्च कोणत्या पातळीवरचा नेता बदलू शकतो?
गावात, प्रभागात लोकांचं मत मोजायचं तर प्रश्न कसा विचारावा?

पक्षाची बाजू मांडायची असेल तरी मांडा, फक्त आकडा द्या.

अजिंक्यतारा
सरळ असहमत. आपल्याकडं मत बिलावर जात नाही. कारखाना, दूध संघ, पतसंस्था, पाहुणे-रावळे आणि "अडीनडीला कोण फोन उचलतो" यावर जातं. २०२४ च्या लोकसभेला सांगलीत विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले. त्या निकालात विजेचा दर कुठं शोधणार?

वाईकर
अजिंक्यतारा यांना +१. आणि फोन उचलणाराच डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) जळाल्यावर उपयोगी पडतो, हेही लक्षात घ्या.

माणदेशी
वाईकर, तुमी सहज बोलला पर मुद्दा त्योच हाय. शेतकऱ्याला बिलाचा आकडा दुसरा, पुरवठा पयला. साडेसात अश्वशक्तीपातुरच्या पंपाला बिल शून्य येतंय, बरं झालं. पर आठवड्याला पाळी बदलती, रातीच्या पाळीला उसात पाणी पाजायला जायाचं म्हंजे बिबट्या, साप, समदं आलं. डीपी जळला की नवा येईस्तोवर पीक वाळतं. माझ्या वळखीत ज्यो पुढारी दिवसा थ्री फेज देईल त्याचं नाव घेत्यात, दर कमी करणाऱ्याचं न्हाई.

मीटरवाला
कृष्णाकाठ यांच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तिथंच सगळी गल्लत होते. घरगुती बिल हातात घ्या आणि एकेक रकाना बघा.

स्थिर आकार, वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांवरून पोचवण्याचा) हे तिन्ही महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरण प्रस्ताव देतं, वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, ग्राहकाला लेखी हरकत देता येते, मग आदेश निघतो. आमदार किंवा मंत्री सहीनं हा दर बदलू शकत नाही. इंधन समायोजन आकार महिन्याला वरखाली होतो, कोळसा आणि वीजखरेदीच्या खर्चाप्रमाणे. त्यालाही आयोगाचं सूत्र आहे.

वीज शुल्क हा मात्र थेट राज्य सरकारचा कर. घरगुती ग्राहकाला १६ टक्के, आणि तो वरच्या सगळ्या बेरजेवर लागतो, नुसत्या युनिटवर नाही.

राहिलं अनुदान. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे राज्य सरकारला एखाद्या वर्गाला सवलत द्यायची असेल तर तेवढी रक्कम वीज कंपनीला आगाऊ भरावी लागते. म्हणून "मोफत" म्हणजे बिल नाहीसं होणं नव्हे. ते अर्थसंकल्पातून भरलं जातं.

आता हिशेब. २०२४-२५ चे दर घेतो, कारण त्याच काळात विधानसभेची आश्वासनं दिली गेली. पहिल्या १०० युनिटला वीज आकार ४.७१ आणि वहन १.१७, म्हणजे ५.८८ रुपये. १०१ ते ३०० ला १०.२९ अधिक १.१७, म्हणजे ११.४६. स्थिर आकार १२८ धरा. महिन्याला १४० युनिट वापरणारं घर:

१०० × ५.८८ = ५८८
४० × ११.४६ = ४५८.४०
स्थिर आकार १२८
बेरीज ११७४.४०, त्यावर १६ टक्के शुल्क १८७.९०
एकूण साधारण १३६२ रुपये, इंधन समायोजन सोडून.

जुलै २०२५ पासून दर बदललेत, तेव्हा स्वतःच्या हिशेबाला बिलावर छापलेले चालू दर घ्या. रीत तीच राहते.

हळदपेठ
मीटरवाला दादा, एक शंका. १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो, असं बऱ्याच बायका म्हणतात. म्हणून महिनाअखेरीला फ्रिज बंद ठेवणारी घरं आहेत.

मीटरवाला
नाही ताई. पहिल्या १०० ला खालचाच दर राहतो, वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. १०१ वं युनिट जास्तीत जास्त तेरा-साडेतेरा रुपयांचं, शुल्क धरून. फ्रिज बंद करून अन्न नासवण्यात काही अर्थ नाही.

पण एक गोष्ट जरूर तपासा: मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग यांच्यातले दिवस. १०० युनिटचा टप्पा एका महिन्यासाठी आहे. रीडिंग ३५ दिवसांनी घेतलं तर टप्पाही त्या प्रमाणात वाढून मिळायला हवा, म्हणजे ११६-११७ युनिटपर्यंत खालचा दर. बिलावर "सरासरी", "लॉक" किंवा "फॉल्टी" असा शेरा असेल तर तो महिना अंदाजाचा आहे. पुढच्या खऱ्या रीडिंगला फरक वळता झाला की नाही ते बघा. आणि उन्हाळ्याच्या सुमारास येणारं जादा सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल म्हणजे दरवाढ नव्हे. वर्षभरातल्या महिन्याच्या सरासरी बिलाच्या दुपटीइतकी ठेव ठेवावी लागते, वापर वाढला की फरक मागतात, आणि ठेवीवर व्याज बिलातून परत मिळतं.

निवडणूक एप्रिल-मे मध्ये आली की याच ठेवीच्या बिलावर सर्वांत जास्त गैरसमजाची भाषणं होतात.

कृष्णाकाठ
ही रीत हाताशी आली, तर आता विधानसभेची दोन्ही आश्वासनं तिच्यात घालू. २०२४ ला महायुतीनं वीजबिलात ३० टक्के कपात म्हटलं, महाविकास आघाडीनं ३०० युनिटपर्यंत वापरणाऱ्याला १०० युनिटचं बिल माफ म्हटलं. दोन्ही ऐकायला गोड. कुणाला किती?

गणिती
करून दाखवतो.

१४० युनिटचं घर, बिल १३६२. तीस टक्के म्हणजे ४०९ रुपये वाचले. १०० युनिट माफी, पहिल्या टप्प्यातले १०० धरले तर ५८८ आणि त्यावरचं शुल्क मिळून ६८२ रुपये वाचले.

३०० युनिटचं घर. ५८८ अधिक २२९२ अधिक १२८ म्हणजे ३००८, शुल्क धरून ३४८९. तीस टक्के म्हणजे १०४७ रुपये. माफी मात्र ६८२ च.

म्हणजे लहान घराला युनिटची माफी चांगली, मोठ्या घराला टक्केवारी. पण माफीचे १०० युनिट खालून मोजायचे की वरून, हे सांगितल्याशिवाय आकडा पक्का होत नाही. वरून मोजले तर ३०० युनिटच्या घराला १३२९ रुपये सुटतात, जवळजवळ दुप्पट. आणि ३०० ची अट काटेकोर असेल तर ३०१ व्या युनिटला सगळी माफी जाते, एका युनिटपायी ६८२ रुपये.

टक्केवारीलाही असाच प्रश्न आहे: कशाच्या ३० टक्के? सरकारच्या हातातलं वीज शुल्क पूर्ण माफ केलं तरी बिल १६ टक्क्यांनी उतरत नाही. ११६ मधले १६ जातात, म्हणजे १३.८ टक्के. उरलेलं एकतर अनुदानातून यायला हवं, नाहीतर वीजखरेदी स्वस्त होऊन आयोगाच्या दरातून.

अजिंक्यतारा
हिशेब चोख आहे, पण याच हिशेबानं माझा मुद्दा पक्का होतो. प्रचारसभेत खालून की वरून असं कुणीच विचारत नाही.

जतकर
जत तालुक्याच्या पूर्व भागात विचारतात. कारण समोर कर्नाटक. तिकडं गृहज्योती २०२३ मध्ये सुरू झाली आणि अट स्पष्ट छापली: २०२२-२३ च्या आपल्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवा, तेवढे युनिट मोफत, कमाल २००. महिन्याला २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल. सरासरी ६० युनिटच्या घराला २०० नव्हे, ६६ मोफत. सोयरीक दोन्हीकडं असल्यामुळं हे गणित आमच्याकडं तोंडपाठ असतं. माणूस तुलना करू शकला की मग बिलाचा विषय मतापर्यंत पोचतो. सातारकरांना शेजारी असा आरसा नाही.

माणदेशी
जतकर, बरोबर. आमच्याकडं तुलना व्हती ती टेंभूच्या पाण्याची. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचं वीजबिल ८१ टक्के शासन भरणार, १९ टक्के शेतकरी, ह्यो निर्णय झाला तवा माणूस गप बसला. त्याआधी बिल थकलं की पंप बंद, आन् पंप सुरू कुणी केलं यावर समदं राजकारण. इथं वीजबिल म्हंजेच पाणी.

कोयनामाई
मला कायम सलणारी गोष्ट म्हणजे कोयना आपल्या उशाला असून आपल्याला वीज स्वस्त नाही. धरण सातारा जिल्ह्यात, भूकंप १९६७ चा पाटणनं सोसला, १९६० मेगावॉटचा प्रकल्प, आणि बिल मात्र सगळ्या राज्यासारखंच. प्रत्येक निवडणुकीत कुणीतरी "कोयनेची वीज आधी आपल्याला" म्हणतोच. हे शक्य आहे का, जाणकारांनी सांगावं.

मीटरवाला
भावना समजते, पण वीज तशी वाटली जात नाही. कोयनेची वीज राज्याच्या ग्रीडला जाते. महावितरण कोळसा, जलविद्युत, पवन, सौर अशी सगळी वीज खरेदी करतं, तिची सरासरी निघते आणि महावितरणच्या सगळ्या भागात एकच दर लागतो. पाटणची पवनचक्की आणि चंद्रपूरचा कोळसा एकाच हिशेबात जातात.

पाण्याचं बघा. कोयनेचा साठा १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे, ते पाणी पोफळीच्या बाजूला वाशिष्ठीत उतरतं. पूर्वेला सोडलेल्या पाण्यावर पायथ्याचं ४० मेगावॉटचं वीजगृह चालतं, आणि तेच पाणी पुढं कृष्णेतून सांगलीला येतं. पश्चिमेला जास्त वीज म्हणजे पूर्वेला कमी पाणी. मागणी ज्याची त्यानं हे दोन्ही एकत्र मांडावं.

कोयनेचं खरं मोल संध्याकाळी कळतं. जलविद्युत संच काही मिनिटांत सुरू होतो, म्हणून मागणी चढते तेव्हा तो कामाला येतो. बाधित गावांना मागायचंच असेल तर वेगळा दर न मागता कलम ६५ खाली अनुदान मागावं. ते देणं मंत्रिमंडळाच्या हातात आहे.

कोयनामाई
पटलं. मग मागणी नेमकी अशी लिहायला हवी: "कोयना प्रकल्पबाधित घरांना पहिल्या इतक्या युनिटचं अनुदान". हे आजवर कुठल्या सभेत ऐकलं नाही.

हळदपेठ
सगळे विजेवर बोलताय, मी गॅसवर येते. घरच्या खर्चावर बायकांचं मत जास्त ठाम असतं, आणि सिलिंडरचा दर निवडणुकीच्या तारखांशी जुळताना दिसतो. ऑगस्ट २०२३ अखेरीस २०० रुपये कमी, ८ मार्च २०२४ ला १०० रुपये कमी, मग लोकसभा. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपये वाढ. हा दर केंद्राच्या आणि तेल कंपन्यांच्या हातातला, त्याचा जाब आमदाराला विचारून उपयोग नाही.

राज्याचा भाग वेगळा: मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना, वर्षाला तीन सिलिंडर मोफत. बहुतेक अर्ज इथं अडतात: जोडणी बाईच्या नावावर नसते. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावरची जोडणी आधी नावावर करून घ्यावी लागते. एका रेशनकार्डावर एकालाच लाभ. सिलिंडर घेताना पूर्ण पैसे मोजायचे, नंतर खात्यावर येतात, म्हणून आधार जोडलेलं खातं कोणतं ते बँकेत विचारून ठेवा. दोन खाती असली की पैसे भलत्याच खात्यात जातात आणि "आलेच नाहीत" अशी तक्रार होते. आणि एका महिन्यात तीनही घेतले तर चालत नाही, महिन्याला एकच धरला जातो.

विटेकर
ताई, इंडक्शन परवडतं का? सध्या विक्रेते जोरात आहेत.

हळदपेठ
विटेकर, आकडा गणितींकडून घ्या. माझं म्हणणं एवढंच की भाकरी आणि फोडणी गॅसवर, भात-डाळ-दूध-पाणी इंडक्शनवर, अशी वाटणी जमते.

गणिती
१४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये उष्णता साधारण १८० युनिट विजेइतकी. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते, इंडक्शनवर ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरचं काम इंडक्शनवर १३० युनिटच्या आसपास होतं. पहिल्या टप्प्याच्या दरानं, शुल्क धरून, त्याचे साधारण ८८७ रुपये. दुसऱ्या टप्प्याच्या दरानं १७२८. वापर आधीच १०० च्या वर असेल तर इंडक्शनची सगळी युनिटं वरच्या टप्प्यात पडतात. तेव्हा छतावर सौर असेल तरच इंडक्शन.

सौरकऱ्हाड
माझं नाव निघालंच आहे तर लिहितो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३०,०००, २ ला ६०,०००, ३ किंवा जास्तला ७८,००० रुपये अनुदान. एक किलोवॉट दिवसाला सरासरी चार युनिट देतं, महिन्याला १२०. १४० युनिटच्या घराला दीड-दोन किलोवॉट भरपूर झालं. अनुदान जास्त मिळतं म्हणून ३ किलोवॉट बसवू नका. जादा युनिट वर्षअखेरीला अगदी कमी दरानं हिशेबात धरले जातात.

क्रम असा: राष्ट्रीय पोर्टलवर ग्राहक क्रमांकानं नोंदणी, नोंदणीकृत पुरवठादार निवडणं, बसवणी, मग नेट मीटरचा (येणारी-जाणारी दोन्ही वीज मोजणाऱ्या मीटरचा) अर्ज, तपासणी, मीटर, आणि शेवटी बँक तपशील भरल्यावर अनुदान. वीजजोडणी, घराचा उतारा आणि बँक खातं यांतलं नाव एकच असावं. बहुतेक अर्ज लटकतात ते इथं, कारण जोडणी अजून आजोबांच्या नावावर असते. पॅनेल देशी बनावटीचीच लागतात, नाहीतर अनुदान नाही.

बसवताना: एका किलोवॉटला शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा. तोंड दक्षिणेला, उतार १७-१८ अंश, आपल्या अक्षांशाइतका. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनेलवर पडली तरी ओळीतल्या सगळ्यांचं उत्पादन घटतं. अर्थिंग तीन वेगळी घ्या: पॅनेलच्या बाजूचं, घरच्या बाजूचं आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या लाइटनिंग अरेस्टरचं. सांगलीकरांनी इन्व्हर्टर आणि मीटर पुराच्या रेषेच्या वर लावा. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पाटण-महाबळेश्वरकडं जून ते सप्टेंबर उत्पादन फार पडतं, वार्षिक सरासरीनंच हिशेब करा.

आणि लाइट गेली की साधं ग्रीडवरचं सौरही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ते मुद्दाम तसं केलेलं असतं. विक्रेता हे सांगत नाही आणि मग "फसवलं" अशी ओरड होते.

वाईकर
पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम आहे, हे इथं लिहायलाच हवं. तिथं ग्रामपंचायतीनं पुढाकार घेतला. झेडपी आणि ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला काय विचारायचं याचं उत्तर तिथं आहे.

मीटरवाला
वाईकर, नेमका मुद्दा. गावच्या नेत्याच्या हातात वीजदर नाही पण विजेचा वापर आहे. दोन ठिकाणी.

पथदिवे. ५५ वॉटची जुनी ट्यूब आणि २० वॉटचा एलईडी, शंभर खांब, रात्रीचे अकरा तास: महिन्याला १८१५ युनिट आणि ६६० युनिट. टायमर नसला की दिवे दुपारीही जळतात, मग या बचतीतला मोठा भाग तिथंच जातो.

नळपाणी योजना. १५ अश्वशक्तीची मोटर तासाला १२-१३ युनिट खाते. रोज सहा तास धरा, महिन्याला सव्वादोन हजारांच्या घरात. वाटेत चौथा भाग पाणी गळत असेल तर चौथा भाग वीजही गळतेय. बिल थकतं, जोडणी तुटते, टँकर येतो. पाणीपट्टीची वसुली आणि गळती, हे दोन आकडे सरपंचपदाच्या उमेदवाराकडं मागा.

माणदेशी
डीपीचंबी लिवा की. ऑटोस्विच!

मीटरवाला
बरोबर. थ्री फेज आली की ऑटोस्विचवरच्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, सगळ्या मिळून डीपीवर येतात, तेल तापतं, फ्यूज जातो. फ्यूजऐवजी जाड तार घातली की पुढच्या वेळी थेट डीपी जळतो. उपाय स्वस्त आहे: ऑटोस्विच काढा, किंवा प्रत्येकानं सुरू व्हायची वेळ काही मिनिटांनी मागं-पुढं लावा, आणि पाच अश्वशक्तीच्या मोटारीला दोन केव्हीएआरचा कपॅसिटर बसवा. दिवसाच्या विजेसाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे, त्यात आपल्या फीडरचं (शेतीला वीज आणणाऱ्या वाहिनीचं) काम कुठवर आलं हे आमदाराला नाव घेऊन विचारता येतं. "दिवसा वीज देणार का" असं विचारलं तर "देणार" एवढंच उत्तर मिळतं.

विटेकर
शेतीला मोफत, घराला सवलत, मग भरतं कोण हेही बघा. बळीराजा मोफत वीज योजनेचा भार वर्षाला १४,७६० कोटी सांगितला होता. अर्थसंकल्पातून वेळेत आला नाही तर तो कुठंतरी दरात उतरतो, आणि ३०० युनिटच्या वरचं घर, दुकान, कारखाना यांच्यावर पडतो. विट्याच्या यंत्रमागवाल्याला २७ अश्वशक्तीच्या आतबाहेर वेगळी सवलत असते, पण सुताचा भाव आणि वीज दोन्ही चढले की माग बंदच. इथल्या कामगाराचं मत घरच्या बिलावर ठरत नाही, मागाच्या बिलावर ठरतं.

जतकर
विटेकर, शेतकऱ्याला दोष देऊ नका. त्याचं उत्पन्न बघा.

विटेकर
दोष नाही देत. एकाचं माफ करताना दुसऱ्याच्या बिलात किती वाढलं, हे त्याच सभेत सांगा, एवढीच मागणी. शेतकरी आणि मागवाला एकाच घरातले दोन भाऊ असतात आमच्याकडं.

अजिंक्यतारा
आता मूळ प्रश्नावर या. २०२४ च्या लोकसभेला राज्यात महाविकास आघाडी ३० जागा, महायुती १७. सहा महिन्यांत विधानसभेला महायुती २३० च्या पुढं. मधल्या काळात लाडकी बहीण, मोफत कृषी वीज, अन्नपूर्णा हे सगळं आलं. यावरून "योजनांनी मतं फिरली" म्हणायचं का? मी म्हणणार नाही, कारण उमेदवार, जागावाटप, मतदानाचा टक्का हेही बदललं. पण "बिलावर मत जातच नाही" हे माझं वाक्य जरा आवरतं घेतो: खात्यावर आलेले पैसे मताला लागतात, बिलातून वाचलेले लागत नाहीत. शून्य बिल काही महिन्यांत सवयीचं होतं.

हळदपेठ
अजिंक्यतारा दादा, हे फार खरं आहे. दीड हजार जमा झाल्याचा मेसेज बाई दाखवते. "या महिन्यात ६८२ रुपये वाचले" असा मेसेज कुणाला येत नाही.

गणिती
मग तिसरा प्रश्न: हे मोजायचं कसं. गावपातळीवर होणारी बहुतेक "सर्वेक्षणं" बाद ठरतात ती आकड्यानं नाही, विचारण्याच्या पद्धतीनं.

नमुना: पाच टक्क्यांच्या फरकानं अंदाज हवा तर मोठ्या मतदारसंघाला ३८५ माणसं लागतात, तीन टक्क्यांनी हवा तर १०६७. तीन हजार मतदारांच्या गावालाही ३४१ लागतात. गाव लहान म्हणून पन्नास माणसांत भागत नाही. मतदार यादीतून दर आठवं नाव घ्या. यादी घरांच्या क्रमानं असते, म्हणून सगळ्या आळ्या आपोआप येतात. घर बंद असेल तर संध्याकाळी परत जा, शेजारच्याला घेऊ नका. पारावर बसलेल्यांना विचारलं की रिकामा वेळ असलेल्या पुरुषांचंच मत मिळतं.

क्रम: आधी "आज मतदान असेल तर कुणाला", मग "सर्वांत महत्त्वाचा प्रश्न कोणता" (यादी वाचून न दाखवता), मग वीज-गॅस. उलटं केलं, आधी बिलाबद्दल विचारलं, तर माणूस चिडलेला असतानाच पसंती सांगतो आणि सत्तेतल्याचा आकडा खोटा पडतो.

नेत्याबद्दलचं मत आणि मत देण्याचा इरादा वेगळे प्रश्न ठेवा. "माणूस चांगला आहे" म्हणणारे पुष्कळ जण मत दुसऱ्याला देतात, हे आपल्या जिल्ह्यांत तर पिढ्यांपासून चालत आलंय.

पसंती तोंडी विचारू नका. चिठ्ठी द्या, घडी घालून बंद डब्यात टाकायला सांगा, आणि चिठ्ठीवर फक्त वय व स्त्री-पुरुष. बायकांना बायकांनीच विचारावं, घरचे पुरुष समोर नसताना. विचारणारा कुणाच्याही गटाचा म्हणून ओळखीचा नको.

"अजून ठरलं नाही" म्हणणाऱ्यांना बाकीच्यांत वाटून टाकू नका, वेगळे दाखवा. आणि तीस पोरींच्या उत्तरावरून "तरुण मुलींत ६० टक्के" असं लिहू नका.

कृष्णाकाठ
गणिती, मनापासून आभार. मग वीज-गॅसचे प्रश्न आपण इथंच लिहून काढू. माझा मसुदा:
"मागच्या महिन्याचं बिल किती युनिटचं होतं?" (बिल बघून लिहायचं, आठवणीनं नाही)
"बिल कमी करणं कुणाच्या हातात आहे असं वाटतं: ग्रामपंचायत, आमदार, खासदार, आयोग, माहीत नाही?"
"या कारणासाठी मागच्या वेळचं मत बदलाल का?"

गणिती
तिसरा बदला. "बदलाल का" विचारलं की माणूस होच म्हणतो. त्याऐवजी दोन उमेदवार मांडा: एक गावातला, फोन उचलणारा, विजेबद्दल काही न बोलणारा, दुसरा बाहेरचा, महिन्याला ४०० रुपये वाचवण्याची कागदावर हमी देणारा. कुणाला? मग अर्ध्या चिठ्ठ्यांवर ४०० ऐवजी ८०० लिहा. रक्कम वाढल्यावर किती जण सरकतात तेवढंच बिलाचं वजन.

अजिंक्यतारा
आणि तिसरा प्रकार घ्या: ४०० बिलातून, ४०० खात्यावर. माझं म्हणणं खरं की खोटं ते तिथं कळेल.

माणदेशी
शेतकऱ्याच्या चिठ्ठीत रुपयाच्या जागी "दिवसा आठ तास थ्री फेज" लिवा. नायतर आमची माणसं कोरीच टाकतील.

मीटरवाला
माणदेशींची चिठ्ठी वेगळ्या रंगाची ठेवा, मोजताना मिसळणार नाहीत. दुसऱ्या प्रश्नात एक पर्याय राहिलाय: राज्य सरकार. आमदार आणि राज्य सरकार लोक वेगळे धरतात. आणि बिल बघताना रीडिंगच्या तारखा आणि "सरासरी" शेराही टिपा. अंदाजाची बिलं निघाली तर त्यांची यादी वेगळी काढून द्या. आधी कार्यालयात लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. तिथं निकाल लागला नाही तर सांगलीची प्रकरणं कोल्हापूर परिमंडलाच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडं जातात, साताऱ्याची बारामती परिमंडलाच्या. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं.

हळदपेठ
बायकांच्या चिठ्ठ्यांसाठी मिरज आणि तासगाव भागातल्या बचत गटांना मी विचारते. गॅसचा प्रश्न मात्र "जोडणी कुणाच्या नावावर" इथून सुरू करा.